अवतरणचिन्हातला स्वल्पविराम : पायथनमध्ये मजकुराचे तुकडे पाडताना



विरामचिन्हांचा पाठ आपण दरवर्षी शिकवतो. बोलणाऱ्याच्या तोंडचे शब्द दुहेरी अवतरणचिन्हात, एखाद्या शब्दावर जोर द्यायचा तर एकेरी. मुलं पाठ करतात, पेपरात दोन गुण मिळवतात आणि विसरतात. या चिन्हाची खरी किंमत मला मात्र संगणकाने शिकवली.

झालं असं. वर्गाची ओळखपत्रं छापायची होती. यादी एक्सेलमध्ये तयार होती : नाव, पत्ता, जन्मतारीख. ती सीएसव्ही फाइल म्हणून जतन केली. मी नुकतीच पायथन शिकत होते, म्हणून प्रत्येक ओळ स्वल्पविरामाजवळ तोडणारा छोटा प्रोग्राम स्वतःच लिहिला. ओळखपत्रं वाटली. दुसऱ्या दिवशी मासळी विकून परत जाताना एक आई शाळेत आली. म्हणाली, "बाई, माझ्या पोरीच्या जन्मतारखेच्या जागी 'ता. अलिबाग' कसं आलं?" मला उत्तर देता येईना.

चूक कुठे होती?

फाइलमधली ओळ अशी होती (नाव, तारीख बदलली आहे) :

सायली,"मु. पो. रेवदंडा, ता. अलिबाग, जि. रायगड",12/08/2015

ज्या चौकटीत स्वल्पविराम असतो, तिच्याभोवती एक्सेल सीएसव्ही करताना आपोआप दुहेरी अवतरणचिन्ह घालतं. याचा अर्थ, "आतला मजकूर एकच समजा." पण पायथनची साधी 'स्प्लिट' सूचना अवतरणचिन्ह ओळखत नाही. स्वल्पविराम दिसला की तोड! त्यामुळे तीनऐवजी पाच तुकडे झाले आणि तिसऱ्या जागी, म्हणजे जन्मतारखेच्या रकान्यात, 'ता. अलिबाग' जाऊन बसलं.

अशा सुट्या तुकड्याला संगणकाच्या भाषेत टोकन म्हणतात.

वर्गात घ्यायचा खेळ

हा नियम मी चौथीच्या मुलांना संगणकाशिवाय शिकवला. वरची ओळ फळ्यावर लिहा. एका मुलाने छडी घेऊन एकेक अक्षरावरून पुढे जायचं. दुसऱ्याने शेजारी उभं राहायचं.

1. अवतरणचिन्ह आलं की दुसऱ्याने हात वर करायचा. पुढचं आलं की खाली.
2. स्वल्पविराम आला आणि हात खाली असेल, तर वर्गाने टाळी वाजवायची. तिथे तुकडा तुटला.
3. हात वर असेल तर टाळी नाही. तो स्वल्पविराम पत्त्याचाच भाग.
4. ओळ संपली तरी हात वरच असेल, तर कोणीतरी चिन्ह बंद करायला विसरलंय.

दोन टाळ्या, तीन तुकडे. प्रोग्राममध्येही हेच असतं. वर-खाली होणारा हात म्हणजे "मी आत आहे की बाहेर?" हे लक्षात ठेवणारी एक खूण. स्प्लिटकडे ही खूणच नाही.

थोडी हुशार मुलं विचारतात, "बाई, पत्त्यातच अवतरणचिन्ह असेल तर?" सीएसव्हीत ते दोनदा लिहितात : "घर ""सागर"", मु. पो. चौल". हात वर असताना दोन चिन्हं लागोपाठ आली तर हात खाली करायचा नाही. तिथे एक चिन्ह अक्षर म्हणून मोजायचं.

प्रत्यक्ष पायथनमध्ये

हे सगळं स्वतः लिहायची गरज नाही. पायथनसोबतच 'सीएसव्ही' नावाचं तयार मोड्यूल मिळतं. त्यातल्या 'रीडर'ला फाइल दिली की तीनच तुकडे मिळतात. एकच ओळ तपासायची असेल तर ती चौकोनी कंसात, म्हणजे यादी करून द्या. नुसती ओळ दिलीत तर तो एकेका अक्षरालाच ओळ समजतो.

तुकडे स्वल्पविरामाऐवजी मोकळ्या जागेवर पाडायचे असतील तर 'शलेक्स' मोड्यूलमधली स्प्लिट वापरा. शोध "ओले बोंबील" रेवदंडा या ओळीचे साधी स्प्लिट चार तुकडे करते, शलेक्सची तीन. 'ओले बोंबील' एकत्र राहतात. चिन्ह बंद केलं नसेल तर शलेक्स तिथेच थांबून चूक दाखवते.

दोन खाचखळगे

पहिला : स्वल्पविरामानंतर जागा सोडायची, असं आपणच मुलांना शिकवतो. हाताने फाइल लिहिताना स्वल्पविराम आणि अवतरणचिन्ह यांच्यामध्ये जागा सोडली, तर रीडर त्या चिन्हाला सुरुवात मानत नाही आणि पत्ता पुन्हा फुटतो. त्यासाठी 'स्किपइनिशियलस्पेस' हा पर्याय 'ट्रू' ठेवावा.

दुसरा : वर्डमध्ये टाइप केलेली अवतरणचिन्हं बऱ्याचदा वळणदार होतात. आपल्याला ती सारखीच वाटतात, पण रीडरला फक्त सरळ चिन्ह कळतं.

ती ओळखपत्रं मी पुन्हा छापली. या वेळी छापण्याआधी एक सवय लावून घेतली : प्रत्येक ओळीचे तुकडे मोजायचे. तीन नसतील तर ती ओळ बाजूला काढून डोळ्यांनी वाचायची. तुम्हीही विद्यार्थ्यांच्या याद्या करत असाल तर एवढं नक्की करा. आपल्याला ती फक्त एक ओळ असते, पण त्या घरात ती मुलीची जन्मतारीख असते.

खेळ वर्गात घेऊन बघा. मुलांनी काय प्रश्न विचारले, ते जरूर कळवा.