शहापूर ते मुरबाड, हायवे सोडून

शनिवारी सकाळी ठाण्याहून निघालेल्या बहुतेक गाड्या एक तर नाशिक गाठतात, नाहीतर माळशेज. 5 जून 2025ला समृद्धी महामार्गाचा इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा सुरू झाला आणि शहापूर तालुका कधी आला, कधी गेला हेही कळेनासं झालं. तो बघायचा असेल तर शहापुरातच हायवे सोडा आणि किन्हवलीचा रस्ता धरा. पेट्रोल, हवा, रोख पैसे, सगळं शहापुरातच बघून घ्या.

सापगावला भातसा ओलांडली की रहदारी विरळ होते. माहुली पाठीमागे राहतो आणि डावीकडे सह्याद्री उभा राहतो: आधी आजोबा, मग हरिश्चंद्रगडाचा पसारा, पुढे नानाचा अंगठा. हवा स्वच्छ हवी, म्हणून पावसापेक्षा नोव्हेंबर बरा. तेव्हा भातकापणी उरकत आलेली असते आणि खळ्यांवर झोडणी चालू असते. एखाद्या खळ्याशी गाडी बंद करून जरा थांबाच. बाई सूप डोक्याच्या वर धरून वाऱ्याची वाट बघते; झुळूक आली की हात तिरका करते, दाणे सरळ पायाशी पडतात आणि फोलपट उडून रस्त्यापर्यंत येतं. डांबराच्या कडेला भात वाळत घातलेलं असेल तर त्यावर चाक जाता कामा नये. ते कुणाचं तरी वर्षाचं धान्य आहे.

सरळगावला कल्याण-नगर रस्ता लागतो. इथे माळशेजचा मोह आवरा आणि धसईकडे वळा. धसईवरून देहरी, म्हणजे गोरखगडाचा पायथा. शेजारचा मच्छिंद्रगडाचा सुळका खालूनच बघावा. गोरखगडाच्या कातळातल्या पायऱ्या कोरड्या असतील तरच चढा. ओल्या असतील तर देहरीतूनच परतलेलं चांगलं.

पावसात आलात आणि साकवावरून पाणी वाहताना दिसलं, तर ते कितीही कमी वाटो, गाडी मागे घ्या. डोंगराकडे मोबाइलला रेंज मिळेलच असं नाही. नकाशावरची बारीक रेघ कधी पाड्यात संपते, कधी थेट बांधावर. बसथांब्यावर बसलेल्या मामांना विचारा, आणि गावाच्या नावाबरोबर पाड्याचं नावही सांगा.

देहरीहून म्हसा. पौष पौर्णिमेला इथे खांबलिंगेश्वराची मोठी जत्रा भरते. बैलबाजार आणि घोंगड्या बघायच्या असतील तर मुद्दाम त्याच दिवसांत या, एरवी ते दिवस टाळा. वेळ हाताशी असेल तर जांभुर्ड्यावरून सिद्धगडाच्या पायथ्याला जा. 2 जानेवारी 1943ला भाई कोतवाल आणि हिराजी पाटील सिद्धगडच्या रानात इंग्रजांच्या पोलिसांच्या गोळ्यांनी हुतात्मा झाले. माझ्या मते ह्या साऱ्या वाटेवर सगळ्यात जास्त वेळ द्यावा तो इथे.

म्हशाहून मुरबाड जवळच आहे, पण अंधाराच्या आत पोहोचा. संध्याकाळी गुरं घरी परततात, आणि पेंढ्याने भरलेल्या टेम्पोचे मागचे दिवे पेंढ्याखाली झाकलेले असतात.