घराच्या आतील दरवाजे : ऑर्डर देण्यापूर्वी

घर बांधायला काढले की माणूस सिमेंट, सळई आणि विटांचा पै-पैचा हिशोब ठेवतो. मुख्य दरवाजाच्या सागवानासाठी चार वखारी पालथ्या घालतो. परंतु आतल्या दरवाजांची पाळी आली की ‘सगळीकडे असतात तसे लावून टाका’ असे मिस्त्रींना सांगून मोकळा होतो. आमच्या हातूनही हेच घडले. व्यापारी व कारागीर बांधवांपैकी कोणाचे घराचे काम चालू असेल तर त्यांना उपयोग व्हावा, म्हणून हा अनुभव हिशोबासह लिहीत आहे.

२०१९ साली आम्ही जुने घर पाडून नवे बांधले. “शेठ, बाथरूमला अडीच फुटीच लावतात,” असे मिस्त्री म्हणाले आणि मी मान डोलावली. दोन वर्षांनी अम्मींच्या खुब्याचे हाड मोडले. चाकांची खुर्ची आणली, तर ती बाथरूमच्या दारातच अडकली. मोजून पाहिले तेव्हा कळले. चौकट बाहेरून ३० इंच, दोन्ही बाजूंची उभी लाकडे अडीच-अडीच इंच, म्हणजे मोकळी वाट फक्त २५ इंच. खुर्ची होती २६ इंचांची. मी तीस वर्षे कापड मोजत आलो आहे. ताग्याचा पन्हा सांगताना काठ सोडून कामाचा पन्हा किती, हे गिऱ्हाइकाला न विचारता सांगतो. स्वतःच्या घरात मात्र काठासह पन्हा धरून बसलो!

पुढे वॉकर घेऊन त्या चालू लागल्या. एके दिवशी बाथरूममध्ये घसरून नेमक्या दारामागे बसल्या. दार आत उघडणारे. लोटावे तर त्यांनाच लागणार. कसेबसे तसू-तसूने सरकवून माझी मुलगी आत शिरली. त्याच आठवड्यात फरशा फोडून चौकट काढली.

तेव्हा पहिला मुद्दा हा, की दरवाजा ‘तीन फुटी’ म्हणजे तीन फूट वाट नव्हे. बाहेरून ३६ इंच चौकटीत अडीच इंची लाकूड असेल तर वाट ३१ इंच राहते. पल्ला काटकोनात उघडा राहिला तर त्याची जाडीही थोडी जागा खाते. अपंगांच्या सोयीसाठी केंद्र सरकारच्या मार्गदर्शक सूचनांत दाराची मोकळी रुंदी किमान ९०० मिलिमीटर, म्हणजे साधारण साडेपस्तीस इंच सांगितली आहे. लाकडी चौकटीत ती हवी असल्यास भिंतीतली चौकट बाहेरून सुमारे ४१ इंच धरावी लागेल. सर्व खोल्यांना एवढे जमणार नाही. निदान म्हाताऱ्या माणसांची खोली आणि त्यांचे बाथरूम यांना तरी जागा काढावी. आम्ही दुसऱ्यांदा ३६ इंचांत ग्रॅनाइटची चौकट केली. ती दोन्हीकडे दीड-दीड इंचच असल्याने वाट ३३ इंच मिळाली, शिवाय पाण्याने कुजण्याची भीती गेली. दार बाहेर उघडणारे केले.

दुसरा मुद्दा दार कोणीकडे उघडावे हा. ‘डावे दार’, ‘उजवे दार’ हे शब्द सर्व दुकानांत एकाच अर्थाने बोलले जात नाहीत. त्यापेक्षा नकाशाच्या झेरॉक्सवर प्रत्येक दाराला नंबर द्यावा आणि पल्ला जिकडे फिरतो तिकडे पाव वर्तुळाची रेघ काढावी. ही रेघ काढताना बऱ्याच चुका आपोआप दिसतात. विजेचे बटण दारामागे जाते, कपाटाचे दार आणि खोलीचे दार एकमेकांवर आपटते. बैठकीतून घरात जाणारे दार अर्धे उघडताच पाहुण्याची नजर थेट आत पोचते, तेही इथेच कळते. बिजागरी दुसऱ्या बाजूला घेतली की पल्ल्याचीच आड होते, वेगळ्या पडद्याची गरज राहत नाही. कागदावर खोडायला काही लागत नाही.

आता चौकट. अर्ध्या विटेची भिंत साडेचार इंच असते, पण दोन्ही अंगांना गिलावा धरला तर साडेपाचाच्या आसपास जाते. चौकटीची रुंदी गिलाव्यासह भिंतीएवढी असावी, नाहीतर कडेला खाचा राहतात. उंचीची चूक याहून जास्त होते. गवंडी कच्च्या जमिनीवर चौकट उभी करतो, नंतर मसाला आणि फरशी मिळून अडीच-तीन इंच चढतात आणि दार बुटके होते. तयार फरशीपासून एक मीटर उंचीवर सगळ्या घरात लेव्हलची रेघ मारून घ्यावी आणि चौकटी त्या रेघेवरून बसवाव्यात.

पल्ल्यांची ऑर्डर मात्र चौकटीबरोबर देऊ नये, मग दुकानदार एकत्र घेतल्यास कितीही सूट देवो. फरशी, गिलावा आणि पाण्याची कामे आटोपल्यावर प्रत्येक चौकटीचे खाचेतले माप वर, मध्ये आणि खाली असे तीन ठिकाणी घ्यावे. वरच्या उदाहरणात अर्ध्या-अर्ध्या इंचाची खाच धरून ३२ इंच येतात. फट सोडून पल्ला पावणेबत्तीसच्या आसपास बसेल. खाचेची रुंदी पल्ल्याच्या जाडीशी जुळली पाहिजे. घरातल्या दारांना ३० किंवा ३५ मिलिमीटरचे फ्लश डोअर चालते. त्यावर आय.एस. २२०२ चा आय.एस.आय. शिक्का पाहावा. आत पोकळ गाभा आहे की लाकडी पट्ट्यांचा, हे बिलावर लिहून घ्यावे. चार इंची तीन बिजागऱ्या लावाव्यात, दोनांवर भागवू नये.

पल्ला आला की सुतार समोरून-मागून रंग किंवा पॉलिश चढवतो, परंतु वरची व खालची कड कोरीच राहते. ओल तिथूनच शिरते. पल्ला टांगण्यापूर्वीच त्या दोन कडांना प्रायमर लावून घ्यावा, टांगल्यावर खालची कड हाताला येत नाही. भिवंडी-कोकणच्या दमट हवेत तर हे टाळून चालतच नाही.

सुतार बांधवांनाही एक सांगणे आहे. तयार दारांच्या दुकानाशी भावात स्पर्धा करणे कठीण आहे. पण ‘घरात म्हातारे कोणी आहे का, मोठे कपाट कोणत्या खोलीत जाणार’ हे दोन प्रश्न दुकानदार सहसा विचारत नाही. मला कोणी विचारले असते तर मी त्याच्याकडूनच सगळी दारे करून घेतली असती, चार पैसे जास्त देऊन.

बयाणा देताना दारांचे नंबर, माप, जाडी, उघडण्याची बाजू आणि कुलूप एका कागदावर लिहून दोघांनी सह्या कराव्यात. त्यातच पहिल्या पावसानंतर अडकणाऱ्या पल्ल्यांना रंधा मारायला मिस्त्री एक दिवस येतील, आणि त्या दिवसाची मजुरी किती, तेही लिहावे. कामाचे पैसे तोपर्यंत अडवून ठेवू नयेत.