बुढापाऱ्यातील दिवेलागण

रायपूर ही छत्तीसगढ राज्याची राजधानी. २००० साली हे राज्य निर्माण झाले, तेव्हापासून शहर चहूबाजूंनी वाढले. परंतु जुन्या वस्तीची नावे तशीच राहिली. बुढापारा, तात्यापारा, ब्राह्मणपारा. छत्तीसगढी बोलीत 'पारा' म्हणजे आळी. १८५४ पर्यंत हा प्रदेश नागपूरकर भोसल्यांच्या राज्यात होता. त्यामुळे या आळ्यांमधून मराठी बोलणारी घरे पूर्वीपासून आहेत आणि 'तात्या' हा शब्द रायपूरकरांना परका वाटत नाही.

बुढापाऱ्याला लागून एक मोठा तलाव आहे. लोक त्याला बुढा तलाव म्हणत. आता त्याला विवेकानंद सरोवर असे नाव आहे. शहराच्या विमानतळालाही २०१२ पासून स्वामी विवेकानंदांचे नाव दिलेले आहे. नव्याने आलेल्या माणसाला वाटते की, स्वामीजींनी येथे एखादे गाजलेले व्याख्यान दिले असावे. तसे काही नाही. ते येथे राहिले तेव्हा ते स्वामी नव्हते. शाळा मध्येच सुटलेला चौदा वर्षांचा एक मुलगा, एवढीच त्यांची ओळख होती.

त्या मुलाचे नाव नरेंद्र. घरात त्याला 'बिले' म्हणत. वडील विश्वनाथ दत्त हे कलकत्त्याच्या उच्च न्यायालयातील वकील होते. १८७७ साली कामानिमित्त त्यांना रायपूरला येऊन राहावे लागले. मागाहून आई भुवनेश्वरीदेवी, नरेंद्र व धाकटी भावंडे निघाली. रेल्वे तेव्हा रायपूरपर्यंत पोहोचली नव्हती. शेवटचा पल्ला बैलगाडीने, घनदाट अरण्यातून, पंधरा दिवसांहून अधिक काळ चालला. बुढापाऱ्यातील दे कुटुंबाच्या वाड्यात हे कुटुंब राहिले, असे रायपूरकर सांगतात. तो वाडा आजही 'डे भवन' म्हणून दाखवला जातो.

कलकत्त्याचे घर गजबजलेले होते. नातलग, आश्रित, नोकरचाकर यांची तेथे सतत वर्दळ असे. नरेंद्राला पशुपक्ष्यांचा लळा लहानपणापासूनच होता. त्याच्याजवळ एक माकड, एक बकरी, एक मोर आणि कबुतरे होती. घोड्यांची निगा राखणारा मोतद्दार त्याचा जिवलग मित्र. मोठेपणी आपणही मोतद्दार व्हावे, असे त्याला वाटे. हे सारे मागे टाकून तो रायपूरला आला, आणि येथे त्याच्या इयत्तेला साजेशी चांगली शाळा नव्हती. वर्ग नाही, सवंगडी नाहीत, परीक्षा नाही. शिक्षणात खंड पडला की मनात जी धास्ती बसते, ती ज्यांनी अनुभवली आहे त्यांना या मुलाची स्थिती समजावून सांगण्याची गरज नाही.

विश्वनाथबाबूंनी शाळेची उणीव घरातच भरून काढली. मात्र त्यांनी घराची शाळा केली नाही, हे लक्षात घेण्याजोगे आहे. मुलाला समोर बसवून रोजचा धडा घोकून घेणे त्यांच्या स्वभावात नव्हते. ते त्याच्याशी बोलत. इतिहास, काव्य, धर्म, माणसांचे स्वभाव; विषयाला मर्यादा नसे. मुलाचे मत चुकले तरी ते त्याला पुरते बोलू देत आणि मगच आपले म्हणणे मांडत. चौदा वर्षांच्या मुलाचे म्हणणे बापाने शेवटपर्यंत ऐकून घ्यावे, ही गोष्ट त्या काळात विरळाच होती. आजही ती फार घरांतून आढळते असे नाही.

दिवेलागणीनंतर घरी मित्रमंडळी जमत. रायपूर तेव्हा लहानसे गाव होते; लिहिणारी-वाचणारी माणसे थोडी, आणि ती एकमेकांना धरून राहत. गप्पा रंगत, वाद होत. नरेंद्र एका बाजूला बसून ऐके. कधी वडील मुद्दाम त्याचे मत विचारत, कधी तो आपणहून मध्ये बोले. विश्वनाथबाबूंचे एक स्नेही बंगाली साहित्याचे जाणकार होते. या मुलाला नामवंत लेखकांचे उतारेच्या उतारे मुखोद्गत आहेत, हे पाहून ते थक्क झाले. 'तुझे नाव पुढे आमच्या कानांवर येईल,' अशा आशयाचे उद्गार त्यांनी काढल्याचे चरित्रकार सांगतात. सगळेच पाहुणे असे नव्हते. काही जण त्याला पोर समजून उडवून लावत. अशा वेळी तो चिडे, आणि वडील त्याला सर्वांदेखत समज देत. एकान्तात मात्र मुलाच्या स्वाभिमानाचे त्यांना कौतुकच वाटे.

याच घरात नरेंद्र बुद्धिबळ शिकला आणि मोठ्यांना हरवू लागला. गाण्याचे पहिले पाठही त्याला वडिलांकडून येथेच मिळाले. विश्वनाथबाबूंचा गळा चांगला होता. शिवाय ते स्वयंपाकात निष्णात होते आणि त्यांना त्याचा संकोच वाटत नसे. मसाल्यांचे प्रमाण, चुलीची आच, पदार्थ केव्हा उतरवावा, हे सारे त्यांनी मुलाला हाताला धरून शिकवले. वकिली करणारा गृहस्थ आणि त्याचा मुलगा चुलीपाशी बसले आहेत, हे दृश्य १८७८ च्या सुमारास कोणत्याही गावात शेजाऱ्यापाजाऱ्यांच्या चर्चेचा विषय ठरले असते.

१८७९ साली कुटुंब कलकत्त्याला परतले. दोन वर्षे शाळेबाहेर राहिलेल्या मुलाला पुन्हा वर्गात घ्यावे की नाही, असा प्रश्न आला. शिक्षकांनी त्याला संधी दिली. सुमारे तीन वर्षांचा अभ्यास त्याने एका वर्षात उरकला आणि प्रवेश परीक्षेत तो पहिल्या श्रेणीत उत्तीर्ण झाला. आजच्या शब्दांत सांगायचे तर ती शालान्त परीक्षा. पुस्तके त्याने कलकत्त्यातच वाचली असणार. परंतु वाचलेले समजून घेण्याची आणि समजलेले ठामपणे सांगण्याची सवय मात्र रायपूरची होती.

ते घर मात्र फार काळ टिकले नाही. फेब्रुवारी १८८४ मध्ये विश्वनाथबाबू हृदयविकाराने अचानक वारले. उदार हाताने खर्च करणाऱ्या या माणसाच्या मागे कर्ज उरले. नातलगांनी राहत्या घरावरून दावा लावला. एकवीस वर्षांचा नरेंद्र अनवाणी पायांनी नोकरी शोधत कचेऱ्यांचे उंबरठे झिजवू लागला. घरात अन्न पुरेसे नाही असे दिसले की, 'आज मला बाहेर जेवायचे आमंत्रण आहे,' असे आईला सांगून तो निघून जाई आणि उपाशी राही. ज्या मुलाने वडिलांजवळ बसून रांधायला शिकून घेतले होते, त्याच्यावर आईपासून आपली भूक लपवण्याची वेळ आली.

पुढे तो संन्यासी झाला. १८९३ साली शिकागोच्या सर्वधर्म परिषदेतील भाषणाने त्याचे नाव जगभर पोहोचले. तो भाग सर्वांना ठाऊक आहे. त्यामानाने शेवटची दोन वर्षे कमी सांगितली जातात. प्रकृती खालावलेले विवेकानंद गंगेकाठी बेलूर मठात राहत होते. तेथे त्यांच्याभोवती पुन्हा पशुपक्षी जमले होते. बदके होती, हंसी नावाची शेळी होती, आणि मटरू नावाचे करडू होते. मटरूच्या गळ्यात त्यांनी घुंगरे बांधली होती. त्याच्याबरोबर ते लहान मुलासारखे धावत. बाघा नावाचा कुत्रा तर स्वतःला मठाचा कारभारी समजे. एकदा काही आगळीक केल्यामुळे त्याला गंगेपलीकडे नेऊन सोडण्यात आले. संध्याकाळी बाघा उतारूंच्या नावेत चढून बसला आणि काही केल्या उतरेना. नाव बेलूरला लागताच तो परत आला. यापुढे बाघाला कोणी हाकलायचे नाही, असे स्वामीजींनी बजावले.

मठात ते अधूनमधून स्वतः रांधत. २ जुलै १९०२ या दिवशी एकादशी होती. त्यांची शिष्या भगिनी निवेदिता भेटीला आली. स्वामीजींचा स्वतःचा उपवास होता. तरी तिला आपल्या हाताने वाढण्याचा त्यांनी आग्रह धरला. पाने साधीच होती. फणसाच्या उकडलेल्या आठळ्या, उकडलेले बटाटे, भात आणि थंड दूध. ती जेवत असताना ते जवळ बसून थट्टामस्करी करत होते. जेवण झाल्यावर त्यांनी तिच्या हातांवर पाणी घातले आणि पंचाने हात पुसले. ती संकोचून म्हणाली की, हे तर मी तुमच्यासाठी करायचे. त्यावर त्यांनी येशू ख्रिस्ताने शिष्यांचे पाय धुतल्याची आठवण दिली. ते शेवटच्या वेळचे होते, हे शब्द तिच्या ओठांवर आले. ते तिने गिळले. दोन दिवसांनी, ४ जुलैच्या रात्री, विवेकानंदांनी देह ठेवला. तेव्हा ते एकोणचाळीस वर्षांचे होते.