गाव निवडण्याआधी स्टेशन बघ

चि. सायलीस,



तुझी यादी मिळाली. नाशिक, वाई, सातारा, वसई, सोपारा. गावं पाच, रविवार एक, आणि अट अशी की जायचं-यायचं रेल्वेनंच आणि रात्री दहाच्या आत दादरला परत. भाड्याची मोटार नको म्हणालीस हे फार आवडलं. पण यादी कशी झाली ते उघड दिसतंय. शाळेच्या पुस्तकात जी नावं ठळक होती ती उचललीस. एका दिवसाची सहल गावाच्या नावलौकिकावर ठरवू नये, बाळ. स्टेशनवर पाय ठेवल्यापासून परतीच्या गाडीपर्यंत जुन्या गावात पायी हिंडायला किती वेळ हाती राहतो, तो हिशेब आधी कर. बाकी सगळं त्यानंतर.

या हिशेबात वाई पहिल्या फटक्यात गळते, कारण तिथे रेल्वेच नाही. वाठारला उतरायचं आणि पुढे एस.टी.ची वाट बघायची. सातारा पुण्यात राहणाऱ्यानं करावं. मुंबईहून गाडीनं पोचेपर्यंत दुपार होते, आणि स्टेशनही गावापासून लांब, माहुलीच्या अंगाला.

नाशिकला तू पंचवटी एक्सप्रेस लिहिली आहेस. ती गाडी तुझ्यासाठी नाही. ती सकाळी मनमाडहून निघून मुंबईला येते आणि संध्याकाळी परत जाते. डेक्कन क्वीनचंही तेच. या गाड्या मुंबईत कामाला येणाऱ्यांच्या सोयीनं आखलेल्या आहेत. आपल्याला उलट्या दिशेची गाडी हवी, तपोवनसारखी, सकाळी मुंबईहून सुटणारी. तरीसुद्धा नाशिकरोडला उतरल्यावर गोदाकाठ नऊ-दहा किलोमीटर राहतोच. जाता येईल, पण दिवसाचा मोठा भाग डब्यात जाईल. पहिलीच सहल तशी नको.

म्हणून माझं मत वसई. तोंड वाकडं करू नकोस. ‘लोकलनं जाऊन कसली सहल’ असं तुझ्या मैत्रिणी म्हणतील, त्यांना म्हणू देत. सकाळी विरार लोकल गर्दीच्या उलट दिशेनं धावते, खिडकी मिळते. भाईंदर गेलं की मोबाइल पिशवीत टाक आणि बाहेर बघ. गाडी खाडीवर येते, मध्ये पाणजू बेट लागतं, मग पुन्हा पाणी, मग नायगाव. वसई इतकी महत्त्वाची का होती, ते त्या दोन पुलांवरून समजतं. ही खाडी ज्याच्या ताब्यात, त्याच्या हातात ठाणे-कल्याणपर्यंतचा जलमार्ग. गुजरातच्या बहादूरशहानं १५३४ साली वसई पोर्तुगीजांना दिली, आणि पुढे दोनशे वर्षं त्यांच्या उत्तरेकडच्या मुलुखाचा कारभार इथून चालला.

वसई रोडला पश्चिमेला उतर. किल्ला तिथून सहा-सात किलोमीटर आहे. एवढं अंतर मी खपवून घेतो, कारण पारनाक्यापर्यंत शेअर रिक्षा किंवा बस मिळते आणि तिथून पुढे चालतच जायचं. वाटेत पापडी लागते. रविवारी सकाळी गेलीस तर चर्चमध्ये मराठीतून मिस्सा चालू असेल. थोडा वेळ मागच्या बाकावर शांत बसून ऐक. किल्ल्यातली पडकी चर्च बघण्याआधी भरलेलं चर्च बघितलेलं बरं. नाहीतर हे सगळं संपून गेलेल्या लोकांचं आहे असं वाटत राहतं, आणि ते लोक तर तुझ्या शेजारी उभे असतात.

किल्ल्यात सगळं बघायचा हट्ट धरू नकोस. फ्रान्सिस्कन चर्चमध्ये मात्र वेळ घालव. छप्पर नाही, कमानी उभ्या आहेत, आणि पायाखालची फरशी म्हणजे थडग्यांचे दगड. त्यावर पोर्तुगीज अक्षरं कोरलेली आहेत, काहींवर घराण्यांची ढालीसारखी चिन्हं. अक्षरं झिजली आहेत, पण ऊन तिरपं असताना, म्हणजे सकाळी किंवा चारनंतर, वाचता येतात. भर दुपारी काही दिसत नाही. लोक बारा वाजता पोचतात, फोटो काढतात आणि ‘काही नाही तिथे’ म्हणून परततात! तिथून दर्या दरवाजाकडे जा. बाहेर कोळ्यांच्या होड्या असतात, मासळीचा वास असतो. नाक दाबू नकोस.

आता तुझ्यासाठी एक प्रश्न देतो. असा एखादा प्रश्न खिशात नसेल तर जुनं गाव नुसते दगड दाखवतं. चिमाजीअप्पांनी दोन वर्षांच्या मोहिमेनंतर मे १७३९ मध्ये वसई घेतली. तटाखाली सुरुंग लावावे लागले, माणसं फार गेली. शरणागतीच्या अटींप्रमाणे पोर्तुगीजांना सामानसुमान घेऊन मानानं बाहेर पडू दिलं. मग चर्चमधल्या घंटा कुठे गेल्या? त्यांतली एक वाईजवळ मेणवलीला आहे, तिच्यावर १७०७ साल आहे. नाशिकची नारोशंकराची घंटाही वसईचीच म्हणतात. म्हणजे तुझ्या यादीतली दोन गावं वसईनंतर आपोआप पुढे येतात, आणि तेव्हा तिथे नेमकं काय बघायचं ते तुला ठाऊक असेल. जाण्याआधी वसईच्या मोहिमेवर काहीतरी वाच, निदान एक प्रकरण. ३१ डिसेंबर १८०२ चा तह तर तुम्हाला शाळेत होताच. दुसऱ्या बाजीरावानं इंग्रजांशी केलेला तोच तो वसईचा तह.

सोपाऱ्याबद्दल. नालासोपारा वसईच्या पुढचंच स्टेशन, तेव्हा दोन्ही उरकू असा मोह होईल. करू नकोस. भगवानलाल इंद्रजींनी १८८२ साली तिथला स्तूप उकरला, पण सापडलेला ठेवा मुंबईतच एशियाटिक सोसायटीकडे आहे, आणि अशोकाच्या लेखाचा तुकडा छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयात. आधी तो बघून ये, मग स्तूपाला जा. एरवी नुसता विटांचा उंचवटा दिसेल आणि तू मला दोष देशील.

व्यवहाराचं थोडं. पावसाळ्यात नको, गवत माजतं आणि त्यात जनावर असतं. नोव्हेंबर ते फेब्रुवारी उत्तम. पाणी आणि डबा घरून ने, किल्ल्यात पोटापाण्याची सोय धरून चालू नकोस. पडक्या जिन्यांवर चढू नकोस, कुणी कितीही आग्रह केला तरी. येताना बाजारात सुकेळी मिळाली तर घे, वसईची सुकवलेली केळी आईला आवडतात. चौघींपेक्षा जास्त जणींना नेऊ नकोस. घोळका झाला की गाव मागे पडतं आणि गप्पा पुढे जातात.

परतताना पाचनंतर स्टेशनच्या रिक्षांना रांग लागते, म्हणून पारनाका साडेचारलाच सोड. रविवारी पश्चिम रेल्वेवरही ब्लॉक असू शकतो, शनिवारच्या पेपरात वेळा बघून मगच मैत्रिणींना निरोप दे.

तुझा,
मामा