घटक ५ : भूभागांची संवर्धनमूल्यानुसार प्रतवारी – वऱ्हाडचे उदाहरण

५.१ उद्दिष्टे

हा घटक अभ्यासल्यानंतर आपल्याला,
• भूभागाचे 'संवर्धनमूल्य' म्हणजे काय, ते सांगता येईल.
• अनन्यता, धोका आणि पूरकता या तीन कसोट्या उदाहरणांसह स्पष्ट करता येतील.
• अमरावती-अकोला परिसरातील वन व गवताळ रान यांच्या प्रतवारीची चिकित्सा करता येईल.

५.२ प्रास्ताविक

अकोल्याच्या किंवा अमरावतीच्या बाजारात कापसाची प्रत ठरवताना धाग्याची लांबी, ओलावा आणि स्वच्छता पाहिली जाते. त्याच कापसाच्या सरकीतून तेल किती निघेल, एवढेच पाहायचे ठरवले, तर ढिगांचा क्रम कदाचित वेगळा लागेल. माल तोच असतो; प्रश्न बदलला की प्रत बदलते. जमिनीच्या प्रतवारीलाही हेच तत्त्व लागू पडते. संरक्षणासाठी मनुष्यबळ आणि पैसा मर्यादित असल्यामुळे कोणता भूभाग आधी राखायचा, हे ठरवावेच लागते. हा निर्णय कोणत्या कसोट्यांवर घेतला जातो आणि त्या कसोट्यांतून काय निसटते, याचा विचार प्रस्तुत घटकात करावयाचा आहे.

५.३ विषय-विवेचन

५.३.१ उत्पन्नावर आधारलेली प्रतवारी

ब्रिटिश अमदानीत वऱ्हाडातील सरकारी वनांचे तीन वर्ग पाडण्यात आले होते. पहिल्या वर्गात इमारती लाकूड व सरपण देणारी वने, दुसऱ्यात चारा देणारे गवताचे रमणे आणि तिसऱ्यात गुरचराईची राने येत. या वर्गवारीमागचा प्रश्न स्पष्ट होता : या जमिनीतून काय मिळते? साग देणारे रान वर आणि गवत देणारे रान खाली, हा क्रम त्या प्रश्नाला धरूनच होता. रानात कोणते पक्षी घरटी करतात किंवा कोणत्या नद्या उगम पावतात, यासाठी त्या वर्गवारीत रकाना नव्हता. गावालगतच्या चराईच्या सरकारी जमिनींना वऱ्हाडात आजही 'ई-क्लास' म्हटले जाते. बोलीत रुळलेले हे नाव महसुली वर्गीकरणाचीच खूण आहे.

५.३.२ प्रश्न बदलला : मेळघाट

१९७३ मध्ये देशात व्याघ्रप्रकल्प योजना सुरू झाली. पहिल्या नऊ व्याघ्रप्रकल्पांत अमरावती जिल्ह्यातील मेळघाटचा समावेश होता. आज त्याचे गाभाक्षेत्र १५००.४९ चौरस किलोमीटर आहे. त्यात गुगामल राष्ट्रीय उद्यान (३६१.२८ चौ. किमी) तसेच मेळघाट, वान, अंबाबरवा आणि अकोला जिल्ह्यातील नरनाळा ही अभयारण्ये येतात. नरनाळ्याचे क्षेत्र अवघे १२.३५ चौ. किमी आहे, पण मोठ्या सलग वनाला जोडलेले असल्यामुळे त्याचे मोल आकारमानापेक्षा अधिक ठरते. सिपना, खंडू, खापरा, गाडगा आणि डोलार या नद्या याच डोंगररानातून वाहत तापीला मिळतात. पूर्वी लाकडासाठी राखलेले रान आता वाघ, पाणी आणि सलगता यांसाठी वरच्या प्रतीचे ठरले.

५.३.३ प्रतवारीच्या तीन कसोट्या

(अ) अनन्यता : जे येथे आहे, ते अन्यत्र मिळेल काय? रानपिंगळा हा छोटा घुबडवर्गीय पक्षी केवळ मध्य भारतात आढळतो. १८८४ नंतर शतकाहून अधिक काळ त्याची खात्रीलायक नोंद नव्हती. १९९७ मध्ये तो शहाद्याजवळ पुन्हा सापडला आणि पुढे मेळघाटातही त्याचे अस्तित्व सिद्ध झाले. असा पक्षी जेथे नांदतो, त्या वनाची उणीव दुसरे वन भरून काढू शकत नाही.

(आ) धोका : भूभाग किती लवकर आणि किती प्रमाणात बिघडण्याची शक्यता आहे? अकोला–खंडवा रेल्वेमार्गाच्या रुंदीकरणाच्या वेळी मार्ग मेळघाटातूनच न्यावा की वनाबाहेरून, हा वाद याच कसोटीशी निगडित होता. मौल्यवान पण सुरक्षित भूभागापेक्षा मौल्यवान आणि संकटात असलेल्या भूभागाकडे आधी लक्ष द्यावे लागते.

(इ) पूरकता : निवडलेल्या भूभागांत नव्या भूभागाने कोणती भर पडते? एक काल्पनिक उदाहरण घेऊ. 'क' रानात दहा जाती आहेत. 'ख' रानात आठ आहेत. परंतु त्या सर्व 'क'मध्येही आहेत. 'ग' माळावर तीनच जाती आहेत. मात्र त्या 'क' किंवा 'ख' या दोहोंत नाहीत. दोनच भूभाग राखता येणार असतील, तर निव्वळ संख्येनुसार 'क' आणि 'ख' निवडले जातील व दहा जाती राखल्या जातील. 'क' आणि 'ग' निवडल्यास तेरा जाती राखल्या जातील. यादीत शेवटचा असलेला माळ या रीतीने दुसऱ्या क्रमांकावर येतो.

५.३.४ 'पडीक' म्हटलेले माळ

वरील उदाहरणातील 'ग' वऱ्हाडात प्रत्यक्ष दिसतो. अकोला-वाशीम पट्ट्यातील गवताळ माळांवर पावसाळ्यात तणमोर दिसतो. विणीच्या काळात नर तणमोर गवतातून वारंवार उंच उड्या घेऊन आपले अस्तित्व जाहीर करतो. या पक्ष्याची गणना आज जगातील अतिसंकटग्रस्त पक्ष्यांत होते. साग कितीही राखला, तरी तणमोराचा निवारा वाढत नाही. त्याला गवतच हवे. काळविटाचेही तसेच आहे. त्याच्यासाठी वाशीम जिल्ह्यात कारंजा-सोहोळ अभयारण्य आहे. परंतु बहुतेक माळ अभयारण्याबाहेर आहेत. झाडे नाहीत म्हणून त्यांना 'पडीक' ठरवले जाते आणि मग ते नांगराखाली तरी जातात किंवा त्यांवर वृक्षलागवड तरी होते. माळावर झाडे लावणे हे वरवर सत्कृत्य वाटते. तणमोराच्या दृष्टीने मात्र ते घर मोडणेच होय.

५.३.५ प्रत आणि माणूस

एखाद्या भूभागाची प्रत उच्च ठरली, म्हणजे तेथे माणूस नको, असे आपोआप सिद्ध होत नाही. पहिला प्रश्न मूल्याचा, तर दुसरा व्यवस्थेचा आहे. मेळघाटातील कोहा, कुंड आणि बोरी या कोरकू गावांचे पुनर्वसन झाले. नकाशावरील रंग बदलण्याचा अर्थ तेथील कुटुंबांसाठी शेत, देवस्थान आणि पाणवठा सोडणे असा असतो. म्हणूनच २००६ च्या वनहक्क कायद्याने अशा पुनर्वसनासाठी ग्रामसभेची मुक्त व माहितीपूर्ण संमती आवश्यक मानली आहे.

याच जिल्ह्यातील पायविहीर (ता. अचलपूर) येथे वेगळी वाट दिसते. सामूहिक वनहक्क मिळाल्यानंतर गावाने उजाड झालेले रान राखले, वाढवले आणि तेथील सीताफळांसारख्या उपजांतून उत्पन्नही मिळवले. प्रतवारीच्या कोणत्याही यादीत असे उजाड रान आरंभी वर आले नसते. भूभागाची आजची स्थिती मोजणाऱ्या यादीला त्याची सुधारण्याची क्षमता आणि राखणाऱ्यांची इच्छा सहसा दिसत नाही, हे यावरून ध्यानात येते.

५.४ सारांश

प्रतवारी हे विशिष्ट प्रश्नाला दिलेले उत्तर असते. लाकडाचा प्रश्न विचारला तेव्हा माळ खाली राहिला. पूरकतेचा प्रश्न विचारताच तो वर आला. म्हणून कोणतीही यादी स्वीकारण्यापूर्वी तीन गोष्टी तपासाव्यात : काय मोजले, काय मोजायचे राहिले आणि त्या क्रमाचा भार कोणावर पडणार आहे.

५.५ स्वयं-अध्ययन प्रश्न

१. रानपिंगळ्याचे उदाहरण कोणत्या कसोटीचे आहे?
२. गवताळ माळावर सरसकट वृक्षलागवड का करू नये?

उत्तरे : १. अनन्यता. २. तणमोर, काळवीट यांसारख्या जातींना मोकळे गवताळ रानच लागते. दाट झाडीमुळे त्यांचा अधिवास नष्ट होतो.

५.६ सरावासाठी स्वाध्याय

आपल्या गावातील गायरान, नदीकाठ, देवराई किंवा पडीक रान यांपैकी तीन जागा निवडा. प्रथम मिळणाऱ्या उत्पन्नानुसार आणि नंतर वरील तीन कसोट्यांनुसार त्यांचा क्रम लावा. दोन्ही क्रमांत फरक पडल्यास त्याची कारणे २०० शब्दांत लिहा. लिहिण्यापूर्वी गावातील एका गुराख्याशी आणि एका वयोवृद्ध स्त्रीशी अवश्य बोला. त्या जागांची त्यांनी लावलेली प्रतही उत्तरात नोंदवा.