सागाचे तेल आणि पॉलिशचा पहिला हात



एरंडोलच्या आपल्या सुतारकाम वर्गात भिल्ल व पावरा मुलांनी सागाचे टेबल केले. सांधे चोख बसले. पण आठवडा उलटला तरी व्हार्निश चिकटच राहिले. टेबल परत आले, मुलांची मजुरी अडकली. चूक मुलांची नव्हती, घाई आम्ही केली होती. म्हणून हा धडा.

साग व शिसव यांच्या अंगात तेलकट द्रव्ये असतात. त्यांच्यामुळेच सागाला सहसा वाळवी लागत नाही. परंतु व्हार्निश हवेतील प्राणवायू घेऊन घट्ट होते आणि ही द्रव्ये त्यात अडथळा आणतात. लाखेचे तसे नाही. स्पिरिट उडून गेले की लाख सुकते. म्हणून पहिला हात लाखेचा द्यावा.

1. लाकूड पूर्ण वाळलेले असावे. 120 व नंतर 180 नंबरच्या पॉलिश पेपरने घासावे.

2. पांढऱ्या फडक्यावर थिनर घेऊन पुसावे. फडक्याला पिवळा डाग येणे कमी होईपर्यंत फडके बदलत राहावे. जवळ चूल किंवा विडी नसावी.

3. थिनर उडताच, त्याच तासात, लाखेचा पातळ हात द्यावा. उशीर झाला तर तेल पुन्हा वर येते. 1 लिटर स्पिरिटमध्ये सुमारे 100 ग्रॅम चपडा रात्रभर भिजवावा, गाळावा आणि मेण खाली बसल्यावर वरचे निवळ तेवढे घ्यावे.

4. सुकल्यावर 320 नंबरच्या पेपरने हलके घासून व्हार्निशचे दोन-तीन पातळ हात द्यावेत.

आधी त्याच लाकडाच्या तुकड्यावर करून पाहावे. पाण्याने लाख पांढरी पडते, म्हणून अंगणातील बाकाला ती लावू नये. जवसाच्या तेलाची फडकी गोळा करून टाकू नयेत, ती आपोआप पेट घेतात, पसरून वाळवावीत.

लाख पळस आणि बोरीवरच्या किड्यापासून मिळते. ही झाडे आपल्या मुलांच्या ओळखीची आहेत.

सभासदांना एकच विनंती : मंडळीसाठी बाक किंवा टेबल सांगताना दोन दिवस अधिक द्या आणि त्या दिवसांची मजुरीही द्या. वरची चकाकी सर्वांना दिसते, खालची तयारी कोणाला दिसत नाही. आपल्या अंतःकरणाचेही तसेच आहे. आधी शुद्धी, मग शोभा. या मुलांसाठी प्रार्थना करीत राहा.