बदकाला तळे नको, रात्रीचे बंद दार हवे

प्रश्न : मुलीच्या हट्टामुळे आठवडी बाजारातून बदकाची सहा पिल्ले आणली. एक मुंगसाने नेले आणि एक रात्रीत नाहीसे झाले. उरलेली चार आता दोन महिन्यांची आहेत आणि दिवसभर मुलीच्या मागे अंगणात फिरतात. ती कुठे आणि कशी ठेवावीत? त्यांच्यासाठी अंगणात तळे बांधावे लागेल का?
— एक वाचक, नांदुरा तालुका, जि. बुलढाणा

उत्तर : दोन पिल्ले गेली त्याचे वाईट वाटले. पण उरलेली चार वाचवता येतील आणि त्यासाठी फार खर्चही येणार नाही. तळ्याची गरज नाही. बदकाला जगण्यासाठी पोहावेच लागते असे नाही. त्याला डोके आणि चोच पूर्ण बुडवता येईल इतके पाणी मात्र रोज मिळाले पाहिजे. डोके बुडवून ते डोळे आणि नाकपुड्या धुते. तसे पाणी मिळाले नाही तर डोळे चिकटतात आणि नाक चोंदते. सहा इंच खोल पाण्याचे एक घमेले एवढ्यासाठी पुरते. पंख भिजवायला एखादा पसरट टब असेल तर ती खूशच होतील.

खरी गरज आहे ती कोरड्या, बंद रात्रीची. कोंबडी आणि बदक यांच्यातला एक फरक इथे लक्षात घ्यायला हवा. दिवस कलला की कोंबडी आपल्या पायांनी खुराड्यात शिरते. बदकाचा तसा भरवसा नाही. ते जिथे बसले असेल तिथेच जमिनीवर रात्र काढते. कोंबडीसारखे फांदीवर किंवा दांडीवर चढून बसणेही त्याला जमत नाही. म्हणजे अंधार पडला की मांजर, कुत्रे, रानमांजर, कोल्हा या सर्वांच्या तोंडासमोर ते आयतेच बसलेले असते. त्याला रोज संध्याकाळी हाकून आत न्यावे लागते.

प्रश्न : मग खुराडे केवढे आणि कसे बांधावे?

उत्तर : रात्रीपुरते दर बदकामागे तीन ते चार चौरस फूट जागा धरा. तुमच्या चौघांना चार फूट लांब, चार फूट रुंद खुराडे पुरेल. दिवसा फिरायला दर बदकामागे दहा ते पंधरा चौरस फूट, म्हणजे सहा बाय दहा फुटांचे कुंपण हवे. उंची ठरवताना बदकापेक्षा आपला विचार करा. वाकून, हात घालून रोज झाडता आले नाही तर कोणतेही खुराडे महिनाभरात घाण होते.

जमीन अंगणापेक्षा वीतभर उंच घ्या, म्हणजे पावसाचे पाणी आत शिरणार नाही. आत जायला रुंद, कमी चढाची फळी ठेवा. बदकाचे पाय नाजूक असतात, खड्या चढावर ते घसरते. त्याच कारणाने त्याला पायाला किंवा पंखाला धरून कधीही उचलू नये. दोन्ही हातांनी अंग धरून, पंख मिटलेले ठेवून उचलावे. जमीन खरबरीत सिमेंटची असेल तर तळपाय सोलवटतात आणि तिथे गळू होते. म्हणून वर चार बोटे जाड अंथरूण घाला.

अंथरुणासाठी तुमच्याकडे सोयाबीनचे कुटार असेलच. ते कोरडे आणि बुरशी नसलेले असावे. बुरशी लागलेल्या कुटारातून पक्ष्यांना फुप्फुसाचा रोग होतो. बदकाची विष्ठा पातळ असते, म्हणून ओला थर रोज काढून वर नवे कुटार टाकत राहा. आत शिरताच डोळे चुरचुरले तर हवा खेळत नाही असे समजा. भिंतीच्या वरच्या भागात जाळीची फट ठेवा, म्हणजे वाफ बाहेर जाईल आणि खाली बसलेल्या पक्ष्यांना वारा लागणार नाही.

प्रश्न : आमच्या खुराड्याला जाळी होती, तरीही मुंगूस आत आले. असे कसे झाले?

उत्तर : ती बहुधा षटकोनी घरांची पातळ कोंबडीजाळी असावी. तिने कोंबडी आत राहते, पण बाहेरचा शिकारी थांबत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो आणि मुंगूस मोठ्या घरातून सरळ आत जाते. अर्धा इंच घरांची वेल्डमेश जाळी लावा. ती घूस आणि सापालाही बऱ्याच अंशी अडवते. घूस आणि मुंगूस खालून उकरून येतात. म्हणून जाळी फूटभर जमिनीत पुरा, किंवा दीड फूट बाहेरच्या बाजूला आडवी पसरून वर दगड ठेवा. कुंपणालाही वरून जाळी हवी, कारण घार, शिक्रा आणि कावळे दिवसा लहान पिल्ले उचलतात. दाराला नुसता आकडा नको. कडी आणि तिच्यात अडकवलेली खीळ हवी.

काम संपले की तारेचे तुकडे, खिळे, चुका वेचून काढा. चकाकणारी वस्तू दिसली की बदक ती गिळते. जस्ताचा मुलामा असलेला तारेचा तुकडा पोटात गेला तर विषबाधा होते.

ज्ञानगंगा अभयारण्याच्या कडेला राहणाऱ्या वाचकांसाठी एक वेगळी सूचना. तिथे बिबट्या आणि अस्वलाचा वावर आहे. कोणतीही जाळी बिबट्याला रोखत नाही. अशा गावांत बदके रात्री पक्क्या भिंतीच्या, लोखंडी दाराच्या खोलीतच ठेवावीत.

प्रश्न : रात्री बदके एकदम ओरडतात, एकमेकांवर धडपडतात. दिवा ठेवावा का?

उत्तर : बारीकसा दिवा ठेवलात तर चांगले. मिट्ट अंधारात जरा आवाज झाला की बदके बिथरतात आणि भिंतीवर आदळतात. त्यांची झोपही मोठी विलक्षण असते. आपल्या बहुतेक पाळीव बदकांचा पूर्वज म्हणजे मॅलार्ड हे रानबदक. अमेरिकेतील संशोधकांनी 1999 मध्ये मॅलार्डांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. ओळीत झोपलेल्या बदकांपैकी दोन टोकांची बदके अधिक वेळ एक डोळा उघडा ठेवून झोपत होती आणि तो डोळा कळपाबाहेर रोखलेला होता. त्या वेळी त्यांचा अर्धा मेंदू झोपलेला असतो आणि अर्धा जागा असतो. मधली बदके दोन्ही डोळे मिटून निर्धास्त झोपत. म्हणूनच बदक कधी एकटे पाळू नये, निदान दोन तरी असावीत. एकट्या बदकाच्या बाजूने पहारा देणारे कोणी नसते.

सकाळी दार उघडायची घाई करू नका. बदके बहुतेक अंडी पहाटेपासून नऊ वाजेपर्यंत घालतात. मादी मोठी झाली की नऊनंतर सोडा, म्हणजे अंडी खुराड्यातच सापडतील. कोपऱ्यात फूटभर रुंद आणि दीड फूट खोल खोके कुटार घालून ठेवले की तीन माद्यांना पुरते. पाच-सहा माद्यांमागे एक नर पुरे. नर जास्त झाले तर माद्यांच्या मानेची पिसे उपटली जातात. नराच्या शेपटीवर वळलेले पीस येते आणि त्याचा आवाज घोगरा असतो. जोरात ‘क्वॅक क्वॅक’ करते ती मादी. शेजाऱ्यांचे घर लागून असेल तर हे आधीच लक्षात घ्यावे.

प्रश्न : आमच्याकडे घाटाखाली एप्रिल-मे महिन्यांत फार तापते. त्यात पाण्याची टंचाई आणि विहिरीचे पाणी खारे. बदके तग धरतील का?

उत्तर : सावली असेल तर धरतील. पक्ष्याला घाम येत नाही, तो चोच उघडून धापा टाकतो. टिनाच्या पत्र्याखाली बंद केलेले खुराडे दुपारी भट्टीसारखे तापते. पत्र्यावर तुऱ्हाट्या, पऱ्हाट्या किंवा कडब्याचा जाड थर घाला. खुराड्याची लांब बाजू पूर्व-पश्चिम ठेवा, म्हणजे ऊन थेट आत कमी येते. कडुनिंबाखाली जागा मिळाली तर उत्तमच. दुपारी जाळीवर ओले गोणपाट सोडा आणि पाणी सावलीत ठेवा.

खारपाणपट्ट्यातले खारे पाणी पिल्लांना सोसत नाही. पिण्यासाठी घरात पितो तेच पाणी द्या. एक-दोन घमेली पाणी वाया जाते असे मानू नका. बदकांचे पाणी खताचे पाणी असते, ते कढीपत्त्याला आणि पपईला घाला. मात्र रोज बदला. साचलेल्या पाण्यात किडे, पाने, मेलेला उंदीर कुजला की उन्हाळ्यात त्यात एक जहाल विष तयार होते. मग बदकाचे पाय लुळे पडतात, मान उचलवत नाही आणि ते दगावते.

प्रश्न : घराजवळच प्लास्टिकचे शेततळे आहे. तिथे सोडले तर?

उत्तर : सोडू नका. प्लास्टिकचा उतार गुळगुळीत आणि खडा असतो. पाळीव बदक उडून बाहेर येऊ शकत नाही आणि त्याचे पाय त्या कागदावर ठरत नाहीत. थकले की ते बुडते. त्याला काढायला गेलेले मूलही त्याच उतारावरून घसरेल, ही भीती त्याहून मोठी आहे. मुलीला तळ्याजवळ एकटी जाऊ देऊ नका. टबातसुद्धा विटांची पायरी ठेवा. लहान पिल्लाच्या पिसांना तेलाचे पूर्ण संरक्षण नसते. ते भिजते, गारठते, आणि बाहेर पडता आले नाही तर मरते.

प्रश्न : खायला काय द्यावे? घरात सरकीची ढेप आहे, भुईमुगाची पेंड आहे.

उत्तर : सरकीची ढेप जनावरांची, बदकांची नाही. सरकीतले गॉसिपॉल पक्ष्यांना घातक असते आणि त्याने अंड्याचा बलकही काळपट-हिरवट होतो. भुईमुगाची पेंड आणि मका यांबाबत त्याहून जपा. ओलसर जागी ठेवलेल्या पेंडीवर बुरशी येते आणि तिच्यात अफलाटॉक्सिन तयार होते. 1960 मध्ये इंग्लंडमध्ये हजारो टर्की पक्षी मेले तेव्हा या विषाचा माग लागला. बदकाच्या पिल्लांना ते इतके लवकर बाधते की पुढे ते तपासण्यासाठी पिल्लांचाच उपयोग केला जाई. वास येणारा किंवा गाठी झालेला दाणा सरळ फेकून द्या.

कोंबडीच्या पिल्लांचे तयार खाद्य चालते, पण ते भिजवून द्या आणि शेजारी पाणी ठेवा, कारण कोरडा भरडा बदकाच्या घशात अडकतो. कोंबडीपेक्षा बदकाला नायसिन हे जीवनसत्त्व जास्त लागते. ते कमी पडले तर पिल्लांचे पाय वाकतात. तसे दिसले तर पशुवैद्याला विचारून पूरक औषध द्या. लसूणघास, पालक, मेथी बारीक चिरून घाला. शिळी पोळी किंवा पाव हे बदकाचे अन्न नाही.

पावसाळ्यात ती गोगलगाई आणि किडे आवडीने खातील, परसबागेला त्याचा फायदाच आहे. पण सोयाबीनच्या शेतात गोगलगाईसाठी विषारी आमिष टाकले असेल, कपाशीवर फवारणी झाली असेल किंवा औषध लावलेले रंगीत बियाणे सांडले असेल, तर बदकांना तिकडे फिरकू देऊ नका.

प्रश्न : बदकांमुळे बर्ड फ्लू येतो का?

उत्तर : बदकातून आपोआप येत नाही, पण बदकाच्या अंगात तो लक्षणांशिवाय राहू शकतो, म्हणून सावध राहावे लागते. भारतात पाळीव पक्ष्यांत तो पहिल्यांदा आढळला तो फेब्रुवारी 2006 मध्ये, नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला. जानेवारी 2021 मध्ये परभणी जिल्ह्यातल्या मुरुंबा गावात कोंबड्या दगावल्या. रानपक्षी उतरतात त्या पाण्यावर आपली बदके नेऊ नका आणि कोंबड्यांचे खुराडे वेगळे ठेवा. मुलीला बदकांना हात लावल्यावर साबणाने हात धुण्याची सवय लावा. एकाएकी पक्षी मरू लागले तर त्यांना उघड्या हाताने न उचलता लगेच पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवा. पशुवैद्यकीय मदतीचा निःशुल्क क्रमांक 1962 आहे. बदकांच्या प्लेग रोगावर लस असते. ती साधारण आठ ते बारा आठवड्यांच्या वयात देतात. तुमची पिल्ले आता त्याच वयात आहेत, तेव्हा याच आठवड्यात चौकशी करा.

प्रश्न : धरणाच्या काठी रानबदकाची अंडी सापडली, ती उबवून पाळावीत का? आणि नकोशी झालेली बदके लोणारच्या सरोवरात सोडावीत का?

उत्तर : दोन्ही नको. हळदी-कुंकू बदक, अडई, हिवाळ्यात येणारा चक्रवाक हे वन्य पक्षी आहेत. वन्यजीव संरक्षण अधिनियम 1972 नुसार त्यांना किंवा त्यांच्या अंड्यांना घरी आणणे गुन्हा आहे. लोणार सरोवराला 2020 मध्ये रामसर पाणथळ स्थळाचा दर्जा मिळाला. त्याचे पाणी खारट आणि तीव्र अल्कधर्मी आहे. पाळीव बदक तिथे जगणार नाही आणि त्याच्या अंगातला रोग मात्र रानपक्ष्यांना लागेल.

बदक नीट सांभाळले तर आठ-दहा वर्षे जगते. तोपर्यंत तुमची मुलगी मोठी झालेली असेल. जाळी तुम्ही एकदा लावाल, पण दार रोज लावावे लागेल. ते काम तिच्याकडे द्या. दिवेलागणीला बदके आत हाकायची, चार मोजायची आणि खीळ घालायची. ज्या दिवशी मोजणी चुकेल त्या दिवशी शोधायला तुम्ही तिच्यासोबत जा, पण मोजायचे काम तिचेच राहू द्या.